असं तर सगळ्यांनाच होतंय की

मावसभावाचं लग्न होतं, खानापुरात. पंगत बसलेली, पानात मांडा पडलेला आणि दूध वाढणारा पोरगा तीन पानं अलीकडे गप्पांत अडकलेला. तेवढ्या वेळात आईनं शेजारच्या मामांना हळूच सांगून टाकलं, की मी बेळगावात 'त्या' डॉक्टरांकडे तपासून घेतेय, लक्ष राहत नाही म्हणून. आईचं हळू म्हणजे अर्ध्या पंगतीला ऐकू जाईल इतकं. मामांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असं तर सगळ्यांनाच होतंय की गे. मी बघ, चष्मा कपाळावर ठेवून घरभर हुडकत हिंडतोय." मामी पलीकडून म्हणाली, "चष्मा काय घेऊन बसलाय, परवा मला बाजारात विसरून आलेत हे!" पंगत हसली, मीही हसले. दूध आलं, मांडा मऊ पडला, विषय नवरीच्या माहेराकडे गेला.

मामांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. भाची घाबरली असेल, तिला धीर द्यावा, असाच सूर होता. पण परतीच्या बसमध्ये ते वाक्य काही सुटेना. कारण ते खोटं नव्हतं. चष्मा सगळेच हुडकतात, दूध सगळ्यांचंच उतू जातं, गॅस बुक करायचा सगळेच विसरतात. वर हेच वाक्य मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलेली. तपासणीच्या बैठका तोवर संपल्या होत्या, रिपोर्ट यायचा होता. सगळ्यांनाच होतं, तर मग त्या खोलीत इतके तास बसून त्यांनी माझं नक्की काय बघितलं?

सुरुवात माझ्यापासून झालीच नव्हती. धाकट्या लेकीच्या शाळेतून बोलावणं आलं, एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चुळबुळ-उतावळेपणाच्या त्रासाची, तपासणी करून घ्या म्हणाले. तिला घेऊन गेलो तेव्हा तिथल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात आणखी कुणाचं असं आहे काय?" आमचे हे काही बोलले नाहीत. फक्त वळून माझ्याकडे बघितलं. या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला ७० ते ८० टक्के भाग आनुवंशिक असतो, असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे, म्हणजे उंचीच्या जवळपासच. पोरीला आईची उंची आली की आपल्याकडे कौतुक होतं, हे आलं की आई गप्प बसते.

घरी सासूबाईंना मी 'डोकं दुखतंय, दाखवून येते' एवढंच सांगितलं. आमच्या लहानपणी कुणी जरा वेगळं वागलं की 'ह्याला धारवाडला धाडा' म्हणायचे. धारवाडचं ते मनोरुग्णालय १८४५ सालचं, चेष्टाही तितकीच जुनी असणार. आता तिथं मोठी संस्था आहे, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातसुद्धा सरकारच्या 'मनोचैतन्य' योजनेच्या मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येऊन बसतात, पण गल्लीतल्या जिभेवरचं धारवाड काही बदललेलं नाही. त्यात मलाच धड माहीत नव्हतं की जायचं कुणाकडे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला डॉक्टर, औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. मुलाखत, चाचण्या, रिपोर्ट हे काम बहुतेक वेळा तिच्याकडे असतं, आणि तिची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे ना हे विचारायला लाजायचं कारण नाही. भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं असतं. मी ते वाचलं, कारण वाट बघत बसायला माझ्याकडे भरपूर वेळ होता.

म्हणजे मी तासभर आधी पोचले होते. मॅडम आल्या, मला बाकावर बघून म्हणाल्या, "इतक्या लवकर?" मी अभिमानानं सांगितलं, की महत्त्वाच्या कामाला मी नेहमीच तासभर आधी जाते. "का?" मग सांगावं लागलं. कारण वेळेवर निघायचं ठरवलं तर मी हमखास उशिरा पोचते. दाराला कुलूप लावल्यावर परत आत जाणं होतं, मग दुसऱ्या रेल्वे गेटजवळ आल्यावर फाईल राहिल्याचं आठवतं. त्यामुळे मोबाइलवर गजर लावलेले असतात, ह्यांचा वडगावातून फोन येतो, आणि एवढं करून मी एक तर एक तास आधी पोचते नाही तर अर्धा तास उशिरा. मधलं काही मला जमत नाही. हे मी हसत सांगत होते आणि त्या लिहून घेत होत्या. परीक्षा सुरू झालीय हे मला तोवर कळलंच नव्हतं. वेळेवर येण्यासाठी माणूस काय काय उभं करतो तेही त्यांना बघायचं असतं.

फाईल त्याही दिवशी घरीच होती.

पहिल्या दिवशी हातात पडली ती १८ प्रश्नांची प्रश्नावली, जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाची. 'कधीच नाही'पासून 'खूप वेळा'पर्यंत रकाने, आपण खुणा करायच्या. कामातला अवघड भाग उरकला की शेवटचं शेपूट राहून जातं का, डोकं लावावं लागेल अशा कामाला हात घालायचं टाळता का, बसल्या जागी हातपाय चाळवत राहतात का, असं सगळं. पहिल्या सहा प्रश्नांवर अंदाज घेतात. त्यात खुणा जास्त पडल्या म्हणजे निदान झालं असं नाही, पुढं नीट बघायला पाहिजे एवढंच. मी एका छापखान्यात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांती, बाराव्याची कार्डं, मराठीतून आणि कन्नडमधूनही. गणपतीची वेल, नावांची मांडणी, अक्षरांचा आकार यांत मी जेवायचं विसरते. आणि मग 'आपले विनीत'च्या खालची नावं टाकायचा कंटाळा येऊन ती फाईल तशीच पडून राहते, मालक ओरडेपर्यंत. तरीही त्या कागदावर मी सगळीकडे 'कधी कधी'वरच खूण केली. मध्यम बरं. मॅडमनी कागदावरून बोट फिरवत विचारलं, "'कधी कधी' म्हणजे महिन्यातून एकदा, का रोज?" रोज, मी म्हटलं. "मग ह्याला कधी कधी का म्हणालात?" ह्याचं उत्तर आमच्या घरातल्या बायकांना विचारायला हवं. ताप १०२ असला तरी आम्ही 'जरा कणकण' म्हणतो.

खरी तपासणी म्हणजे मुलाखत. त्याला साचा ठरलेला असतो. डिवा-५ नावाची एक नेदरलँड्समध्ये तयार झालेली मुलाखत आहे, तिच्यात एडीएचडीची १८च्या १८ लक्षणं, नऊ लक्षाची आणि नऊ चुळबुळ-उतावळेपणाची, एकेक करून घेतात आणि प्रत्येक दोनदा विचारतात: आत्ता कसं आहे, आणि पाच ते बारा वर्षांची असताना कसं होतं. नुसतं 'हो' म्हणून चालत नाही. उदाहरण द्या. मागच्या आठवड्यातलं सांगा. कुणाला त्रास झाला? मग काय केलंत? प्रश्न इंग्रजीत छापलेले, मॅडम गोकाकच्या, घरची भाषा कन्नड, आणि मी सांगणार मराठीत. दोघी मिळून तिन्ही भाषांतून वाट काढत होतो, आणि त्यात कुणालाच काही विशेष वाटत नव्हतं. बेळगावात रिक्षा ठरवतानाही हेच करतो. लक्षणं झाली की परिणाम विचारतात: काम आणि शिक्षण, नवरा-संसार, लोकांमधलं उठणं-बसणं, मोकळा वेळ, आणि शेवटी स्वतःबद्दलचं मत. पहिल्या चारांना माझ्याकडे किस्से तयार होते. किस्सेवाली बाई म्हणूनच मी गल्लीत प्रसिद्ध आहे. सगळ्यांना हसवून झालं की कुणी पुढचं विचारत नाही, हे मला फार लवकर कळलेलं. शेवटच्या प्रश्नाला किस्सा नव्हता. खोलीत फक्त पंखा. आमच्या घरात सकाळी सातपासून माग चालतात, त्या खडखडाटात मी भराभर कांड्या भरते, हिशेब करते, लेकीचा अभ्यास घेते, आणि इथं या शांततेत मला माझंच एक वाक्य पुरं करता येईना. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि घाई केली नाही. त्या दिवशी पुढं फारसं काही झालं नाही.

लहानपणाचा साक्षीदार आणा, म्हणाल्या. मोठ्या माणसाच्या तपासणीत हा भाग असतो, कारण स्वतःच्या सातव्या-आठव्या वर्षाबद्दल माणसाला जे आठवतं ते बरंचसं नंतर कुणी सांगितलेलं असतं. आई जांबोटीकडून सकाळच्या बसनं आली. अंगावर लग्नाकार्याला नेसायचं रेशमी, हातात तांदळाची पिशवी, डॉक्टरीणबाईंना द्यायला. मॅडमनी विचारलं, ही लहानपणी कशी होती? आई ताठ बसली. "लई गुणी पोर. कायबी तरास नव्हता बघा." वस्तू हरवायची का? नाही. सांगितलेलं विसरायची का? नाही, एकदा सांगितलं की झालं. अभ्यासात मन? लई. मला स्थळं यायची तेव्हा आई पाहुण्यांना हेच सांगायची, याच क्रमानं, त्यानंतर परक्या माणसापुढं माझ्याविषयी बोलायची वेळ तिच्यावर आज आली होती. मी तिच्याकडे बघत बसले. इतका खर्च, इतक्या खेपा, आणि माझी एकुलती एक साक्षीदार फितूर.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी माझ्याविषयी विचारायचंच सोडलं आणि आईला तिच्याविषयी विचारलं. "तुमचं सकाळचं काम केवढं असायचं हो अम्मा? शाळेला कोण उठवायचं? दप्तर कोण भरायचं?" आई सैल झाली. "मीच की. ती भरली तर पाटी घरात आणि ती शाळेत." जेवायला? "हाक मारून मारून घसा बसायचा, ही परड्यात मुंग्या बघत." पावसात? "छत्री दिलीच नाही हिला. एका पावसात तीन घालवल्या. मग इरलं. इरलं डोक्यावर असतंय, ते कुठं इसरणार?" तेही विसरून आले होते एकदा, भिजत, हे तिला आठवलं आणि ती पदर तोंडावर धरून हसली. मीठ आणायला धाडलं तर वाटेत करवंदं खात बसायची, मीठ नाही आणि पैसेही नाहीत. "म्हणून मग धाकट्याला संगं धाडायची मी. त्याला सांगायची, तायडीकडं ध्यान ठेव रे."

धाकटा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे.

आजवर माझी समजूत, की मी त्याचा हात धरून त्याला बाजाराला न्यायची. राखीपौर्णिमेला मी त्याला हे ऐकवतेसुद्धा, तुला कडेवर घेऊन चिखलातून नेलंय म्हणून, आणि तो मुकाट ऐकून घेतो. त्याला माहीत होतं, आईला माहीत होतं. त्या खुर्चीत मला आधी राग आला, मग हसू, मग काय आलं ते अजून नीट कळलेलं नाही. मॅडम मात्र भराभर लिहीत होत्या. नंतर त्यांनी समजावून सांगितलं, की घरातलं कुणी असं सगळं पाठीमागून निस्तरत असेल तर त्रास दिसतच नाही, म्हणून 'त्रास होता का' असं विचारून भागत नाही, 'तो कोण उचलत होतं' असं विचारावं लागतं. आईचं पहिलं उत्तरही तसं खरंच होतं. माझा त्रास नव्हता, कारण तो तिनं होऊ दिला नव्हता.

दुसरा पुरावा कागदाचा. आईच्या ट्रंकेत शेताच्या उताऱ्यांखाली माझी प्रगतिपुस्तकं निघाली. आमच्या भागात जुना कागद कुणी टाकत नाही. १९५६ पासून कुठलं गाव कुणाचं हे कागदांवरच चाललंय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, मग पोरीचं चौथीचं प्रगतिपुस्तक तरी का टाकावं. कसर लागलेली, कडा कुरतडलेली ती पुस्तकं आम्ही टेबलावर पसरली. चौथीच्या गुरुजींचा शेरा, 'हुशार. लक्ष खिडकीबाहेर.' पाचवीच्या बाईंचा, 'येत असून चुका करते.' सहावीत पुन्हा तेच, निळ्या शाईऐवजी हिरव्या. तीन वेगळी अक्षरं, एकमेकांशी काही ठरवून न लिहिलेली. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली निकषांची पाचवी आवृत्ती काढली, तीत काही लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत असा नियम आहे. त्याआधीच्या आवृत्तीत ही अट सात वर्षांची होती. ती असती तर माझे चौथीचे गुरुजी साक्षीला येऊनही उपयोग नव्हता. एवढं वाचूनही त्या काळी कुणाला काही का वाटलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. बाकावरून उडी मारणारा पोरगा गुरुजींना दिसतो, कारण तो वर्ग बिघडवतो. खिडकीबाहेर बघणारी पोरगी कुणाच्या वाटेत येत नाही. मुलींमध्ये उड्यांपेक्षा हे हरवणंच जास्त आढळतं, म्हणून त्या मोठ्या होऊन, बहुतेकदा स्वतःच्या पोरांच्या मागोमाग, या दारात येतात.

चाचण्यांची मला भीती होती आणि त्याच सगळ्यात मजेच्या निघाल्या. मॅडम आकडे म्हणणार, आपण तसेच परत म्हणायचे, मग उलटे म्हणायचे. सरळ म्हणताना मी फुशारले, उलटं सुरू झाल्यावर तिसऱ्या आकड्यापाशी पहिला कोणता होता तेच गेलं. एका कागदावर गुलाबी आणि पिवळी वर्तुळं, त्यांत आकडे. एक आड एक रंग घेत क्रमानं जोडत जायचं, आणि घड्याळ चालू. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं आपल्याकडच्या माणसांसाठी बसवलेल्या चाचण्यांत ही रंगांची चाचणी आहे. अक्षरं नसल्यानं माणूस कुठल्या लिपीत शिकला याला महत्त्व राहत नाही, आणि सीमेवर हे बरंच. मग लॅपटॉप. पडद्यावर इंग्रजी अक्षरं एकामागून एक येतात, प्रत्येकाला बटण दाबायचं, फक्त एक्स आला की दाबायचं नाही. चौदा मिनिटं. ऐकताना खेळ वाटतो. पहिली काही मिनिटं मी जिंकत होते. मग बाहेर बसनं हॉर्न दिला, हॉर्नवरून खानापूर स्टँड आठवला, स्टँडवरून आईची पिशवी, पिशवीतला तांदूळ मॅडमनी घेतला की परत दिला, आणि माझं बोट सगळ्या एक्सांवर आपलं दाबत राहिलं. आमच्या मागाला एक सोय असते. धोट्यातला आडवा धागा तुटला की माग आपणहून थांबतो. ती सोय बिघडली तर आवाज तोच येतो, माग चालू दिसतो, आणि खाली धाग्याविना कापड सरकत जातं. चौदा मिनिटं संपल्यावर मॅडमनी विचारलं, कुठं होता? मी म्हटलं, खानापुरात.

पण गंमत पुढं आहे. या चाचण्यांवर निदान ठरत नाही. नवी जागा, समोर एकच माणूस, हातात घड्याळ, अशा वेळी एडीएचडीवालीही झकास गुण मिळवून जाऊ शकते, आणि रात्रभर जागलेला धडधाकट माणूस नापास होऊ शकतो. रक्ताची चाचणी नाही, मेंदूचा स्कॅन नाही, की ज्यात हे दिसावं. तरी रक्त घेतलंच, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. कारण थायरॉइड बिघडला, रक्त कमी पडलं, झोपेत घोरून श्वास अडकत असला, काळजी किंवा नैराश्य असलं, तरी माणूस हेच सांगत येतो, लक्ष लागत नाही, विसरायला होतं. म्हणून त्या झोपेचं विचारतात, पाळीचं विचारतात, जीव नकोसा झाला होता का तेही विचारतात, सरळ, डोळ्यांत बघून. कधी खूप दिवस झोपेशिवाय तरतरीत वाटलं का, हेही. दारू, सिगारेट, तंबाखूचं विचारलं तेव्हा मी जोरात नाही म्हटलं आणि शेजारी आईनं मिशेरीची डबी हळूच कमरेत सरकवली. नैराश्याची एक वेळ असते, ते येतं, जातं, 'अमुक साली असं झालं त्यानंतर' असं त्याचं सांगता येतं. माझ्या गोष्टीला सुरुवातच सापडत नव्हती, ती चौथीच्या प्रगतिपुस्तकाच्याही मागं जात होती. मॅडमच्या सगळ्या प्रश्नांतला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच असावा: कधीपासून?

मामांना द्यायचं उत्तर मला बसमध्ये सुचलं नाही, ते मग हळूहळू जमत गेलं, भाकऱ्या थापताना वगैरे. मामा बरोबर आहेत, आणि तो दवाखाना मामांचंच वाक्य हातात धरून बसलेला असतो. सगळ्यांनाच होतं, तर तुला किती होतं? दोनपैकी एका तरी गटातली नऊपैकी निदान पाच लक्षणं, मोठ्या माणसाला. निदान सहा महिने. बारा वर्षांच्या आधीपासून खुणा. एकाच ठिकाणी नव्हे, घरीही आणि कामावरही. दुसऱ्या कुठल्या आजारानं नव्हे. आणि ह्यापायी काहीतरी खरोखर मोडलेलं, सुटलेलं, हातचं गेलेलं. मामांचा चष्मा रोज हरवतो आणि रोज सापडतो, त्यात त्यांचं काही गेलं नाही. माझी एसएसएलसीनंतरची, म्हणजे दहावीनंतरची, दोन ॲडमिशन फॉर्मच्या शेवटच्या तारखेत गेली, आणि घरात ते 'हिला पुढं शिकायचंच नव्हतं' म्हणून नोंदलं गेलं. एवढ्या सगळ्या चाळण्यांतून गेल्यावर मोठ्या माणसांत शेकडा अडीचच्या आसपास उरतात असं सांगतात. बाकीचे मामा.

हे मी मामांना सांगितलेलं नाही. पंगतीत सांगण्यासारखं नाहीच ते.

रिपोर्टच्या दिवशी ह्यांनी माग बंद ठेवले आणि बरोबर आले. याआधी मॅडमनी त्यांच्याशीही वेगळं बोलून घेतलं होतं, बंद दाराआड, मला बाहेर बसवून. काय बोललात म्हणून मी तीनदा विचारलं होतं, "काय न्हाई, असंच" यापलीकडे काही निघालं नव्हतं. आता मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर आणि मॅडम दोघंही समोर. रिपोर्टात सुरुवातीला का आलात ते, मग वागणुकीच्या नोंदी. त्यात माझं तासभर आधी येणं होतं, सूचना पुन्हा विचारणं होतं, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणं होतं. मग चाचण्यांचे आकडे, काहींत सरासरीच्या वर, काहींत बरीच खाली. शेवटी निदान, एडीएचडी, लक्षाच्या बाजूनं जास्त. वाचून मोकळं वाटेल असं सगळे म्हणतात. वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ ती दोन ॲडमिशन आठवली, आईचा बसलेला घसा आठवला, चार वर्षांनी लहान असलेला पहारेकरी आठवला, आणि मोकळेपण तिथंच थांबलं. हे चौथीत कळलं असतं तर, असा विचार येतोच, आणि तो करून काही होत नाही हेही कळतं. दोन्ही एकाच वेळी कळतं.

औषधाचं डॉक्टरांनी घाई न करता सांगितलं. घ्यायचंच असं नाही, पण घ्यायचं तर आधी नाडी, रक्तदाब, वजन, घरात हृदयाचं काही आहे का. मिथाइलफेनिडेट हे शेड्यूल एक्समधलं औषध, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, म्हणून प्रत्येक मेडिकलात मिळत नाही. ॲटोमॉक्सेटीन वेगळ्या जातीचं, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. गोळ्यांनी वेळ पाळायची सवय आपोआप येत नाही, ती वेगळी शिकावी लागते, त्यासाठी मॅडमकडे यायचं. मी माझी प्रश्नांची चिठ्ठी काढली, चक्क सापडली, आणि एकेक विचारून घेतलं.

हे गप्प होते. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? ह्यांनी घसा खाकरला. "त्यात माझं काय लिवलंय?" मॅडमनी पान उलटून दाखवलं. इंग्रजीत होतं, मग त्यांनीच मराठीत वाचलं, की लग्नापासून पैशाचे व्यवहार, बिलं, मुलीच्या शाळेच्या तारखा आणि पत्नीला वेळेची आठवण करणं हे सर्व पती सांभाळतात, त्यामुळे प्रत्यक्ष अडचण आहे त्याहून कमी दिसते. "परत एकदा वाचा," हे म्हणाले. मॅडमनी परत वाचलं.

बाहेर आल्यावर मी फाईल पिशवीत घालत होते, तर म्हणाले, थांब, ती माझ्याकडं दे. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि तेवढ्याच पानाची एक प्रत काढून आणली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "आईला दाखवायची. म्हणतीया, तू काय करतोस घरात."

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. पण आता डोकेदुखीची गोष्ट संपली होती, तेव्हा वडगावच्या रिक्षात बसल्यावर आम्ही त्यांना काय सांगायचं आणि कुणी सांगायचं यावर भांडत घरी आलो.